एका ओळीतली दोन नावं

सर गेले, असा महादेवी मॅडमचा फोन आला तेव्हा मी पुण्याच्या ऑफिसात कुणाच्या तरी वेबपेजवरचं बटण केसभर डावीकडे सरकवत होते. त्यात अर्धा दिवस घालवला होता. सरांच्या पेजसाठी मात्र चार महिन्यांत पाच मिनिटं मिळाली नव्हती…

मूळ मंद्रूपचे सिद्धाराम सर सोलापुरात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. मॅडम तिथंच टायपिंग शिकवायच्या. वेबपेज लिहायला मला सरांनीच शिकवलं. पहिल्याच आठवड्यात मी वाक्यातला एक शब्द रंगवायला त्याला डिव्ह नावाची कोडमधली खूण, म्हणजे टॅग, लावला, तर वाक्याचे तीन तुकडे होऊन एकाखाली एक पडले. सरांनी बाकाकडे बोट दाखवलं. "हा तुझा डिव्ह टॅग. दप्तर पसरून आख्खा बाक अडवतोय, दुसऱ्यानं खालच्या बाकावर जायचं. स्पॅन टॅग लई शहाणा. लागंल तेवढीच जागा घेतो, शेजारी बसू देतो." एवढं सांगितलं, पण चूक दुरुस्त करून दिली नाही. विद्यार्थ्याच्या कीबोर्डला ते कधी हातच लावायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. मी रडकुंडीला यायचे, ते ढिम्म!

नोकरी लागल्यावर क्लासचं पेज मी हौसेनं करून दिलं. दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. "झकास झालंय. पण मॅडमचं नाव माझ्या खाली गेलंय बघ. क्लास दोघांचा हाय की. शेजारी बसव." मी घाईत दोन्ही नावं डिव्हमध्ये टाकली होती. "किरकोळ काम आहे सर, रविवारी करते," मी म्हणाले. त्यांनी आणखी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. ते विसरले असं समजून मला सुटल्यासारखं वाटलं होतं… लिहितानाही लाज वाटते.

सर गेल्यावर पंधरा दिवसांनी मॅडमना भेटायला क्लासवर गेले. मॅडमनी सरांचा कॉम्प्युटर लावला. कीबोर्डखाली पेजच्या पासवर्डची चिठ्ठी होती, सरांच्या अक्षरात. म्हणजे त्यांना पेज केव्हाही बदलता आलं असतं.

"मी म्हटलं, तुमीच करा की," मॅडम म्हणाल्या. "तर म्हणाले, चूक पोरीची हाय, पोरगीच सुधारंल. रोज क्लास उघडला की आधी पेज बघायचे."

मी सरांच्या खुर्चीत बसले. दोन्ही डिव्ह काढून स्पॅन घातले. मॅडमचं नाव वर सरकलं आणि सरांच्या नावाशेजारी जाऊन बसलं. एक मिनिटही लागलं नाही. वळून बघितलं, तर मॅडम हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं, मॅडम."

"उद्यापासनं सकाळी मी उघडून बघीन," त्या म्हणाल्या.