गादीपुरता कापूस

आमच्या गल्लीतल्या ग्रेडर काकांनी उभ्या आयुष्यात कशालाही सुपर ग्रेड दिली नाही. आईच्या पुरणपोळीला नाही, माझ्या दहावीच्या टक्क्यांना नाही, स्वतःच्या सुनेच्या हातच्या चहाला तर नाहीच नाही. पुलगावच्या कापूस खरेदी केंद्रावर त्यांनी ग्रेडर म्हणून तीस वर्षं काढली. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे कापसानं भरलेली बैलगाडी, पुढे आली की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला चिमूटभर कापूस बाहेर काढायचे, डोळे मिटायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत तो हळूच ओढून पाहायचे. मग निकाल. फेअर, नाहीतर रिजेक्ट. सुपर नावाची एक ग्रेड कागदावर होती म्हणतात, पण काकांच्या तोंडून ती कोणी ऐकली नव्हती. "सुपर देवाच्या कापसाले," ते म्हणायचे. "आपला फेअर निंघाला तरी पेढे वाटा."

डोळे काऊन मिटता, असं मी लहानपणी विचारलं होतं. "डोयाले फसवता येते व पोट्टी," ते म्हणाले. "वरून पांढराशुभ्र अन् आत पाणी मारलेला, असा माल मी लय पाह्यला. बोटाले नाई फसवता येत." एकदा त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची बंडी रिजेक्ट केली. मेव्हणा तसाच बैल फिरवून माल परत घेऊन गेला आणि काकू पंधरा दिवस माहेरी जाऊन बसल्या. काका पंधरा दिवस आमच्याकडे जेवले आणि रोज आईच्या भाजीला फेअर देत राहिले. आई म्हणायची, "फुकटचं खाऊनही या माणसाची जीभ वळत नाही, बघा!"

ते आमच्या ओट्यावर यायचे ते दिगूमामासाठी. दिगूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पुलगाव स्टेशनवर तिकिटं द्यायचा. बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून मामा आमच्याकडेच राहिला. लग्न केलं नाही. त्याला एकच नाद होता, क्रिकेटवाल्यांच्या कार्डांचा. नव्वदीच्या त्या वर्षांत चिंगमच्या पाकिटात एकेक कार्ड निघायचं. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा नाहीतर विकेटी. गल्लीतली पोट्टी ती कार्डं गोट्यांसारखी खेळून फाडून टाकायची. मामा मात्र बिस्किटाच्या तीन डब्यांत ती रचून ठेवायचा, प्रत्येक थरामध्ये जुन्या तिकिटांचा पुठ्ठा घालून.

पण मामाचे दात किडके. चिंगम चावायचं कोणी? ते काम ग्रेडर काकांकडे आलं. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून येताना मामा दोन पाकिटं आणायचा, आणि पन्नाशीचा, धोतर नेसणारा, सगळं केंद्र ज्याला टरकून असायचं असा हा माणूस ओट्यावर पाय हलवत चिंगम चघळायचा. "कार्ड तुह्यं, चिंगम माह्यं," असा त्यांचा करार होता. फुगा काही त्यांना कधी जमला नाही. आई आतून म्हणायची, "शरम वाटू द्या जरा!" त्यावर काका म्हणायचे, "वहिनी, या डब्यातला अर्धा हिस्सा माह्या जबड्याचा हाये."

पाकीट फोडायचा तो क्षण दोघं अगदी गंभीरपणे साजरा करायचे. निघायचा बहुतेक अंपायर. त्या कंपनीनं कोणा एका अंपायरचं कार्ड काढलं होतं, लांब तोंड, पांढरी टोपी, एक बोट वर. कंपनी जगातले सगळे अंपायर पुलगावलाच पाठवून राहिली होती की काय कोण जाणे. "पुन्हा आला तुह्या सासरा!" काका ओरडायचे. असे अकरा अंपायर जमले होते.

मग एका दुपारी मामा तिकीटखिडकीवरच गेला. चव्वेचाळीसचाही नव्हता. तेराव्यानंतर आम्ही डबे उघडले, तर पहिल्या झाकणाच्या आत त्याच्या वळणदार अक्षरात चिकटवलेलं होतं, 'हे सारं नंदाचं'. नंदा म्हणजे मी. काका त्यानंतरही रोज संध्याकाळी येऊन बसायचे. चिंगम नाही, गप्पाही फारशा नाहीत. चहा प्यायचे, फेअर म्हणायचे आणि उठायचे.

दोन वर्षांनी मला नोकरी लागली. देवळी रस्त्यावरच्या एका खेड्यात शिक्षणसेवक. सकाळची एसटी कधी यायची, कधी यायचीच नाही. मी आठवड्यातून तीनदा प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचायची. मुख्याध्यापकांनी दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा लेखी दिलं. दिवाळीनंतर असंच चाललं तर मला कायम करायची शिफारस ते करणार नव्हते. आईच्या हातात शिलाईचे पैसे, माझ्या हातात मानधन, म्हणजे दोघींच्या हातात काहीच नाही. एक जुनी मोपेड मिळाली असती तर सगळं सुटणार होतं. तेव्हा मला मामाचे डबे आठवले. आठवले तेव्हा माझी मलाच लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण आठवले.

जुनी नाणी आणि तिकिटं घेणारे नागपूरचे एक शेठ ओळखीतून घरी आले. त्यांनी कार्डं चाळली, मान डोलावली. म्हणाले, जशी आहेत तशी देत असाल तर आज नेतो. पण परदेशात कार्डांचं ग्रेडिंग करतात, कोपरे-कडा तपासून नंबर देतात, तसं करून घेतलंत तर भाव चढेल, फक्त खर्च येईल आणि वेळ लागेल. जाता जाता त्यांनी विचारलं, "कोई बंद पॅकेट है क्या? न फोडलेलं? उसका दाम सबसे ज्यादा."

"नाई," कोपऱ्यात बसलेले काका ताडकन म्हणाले. "सारे फोडले. म्याच चावले." शेठ गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "ग्रेडिंग परदेशात? अन् मी काय मेलो काय? ग्रेड लागल्याशिवाय माल काट्यावर चढत नाई. आन ते डबे."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी ग्रेडिंग सुरू केलं. ओट्यावर पांढरं धोतर पसरायचे, हात धुवायचे, पुसायचे. रोज फक्त दहा कार्डं. एकेक कार्ड तळहातावर घेऊन डोळे मिटायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे, कोपऱ्यावर बोट टेकवायचे. "कोपरा आधी. मंग कड. रंग साऱ्यात शेवटी, रंग लबाड असते." मलाही तसंच करायला लावायचे. मग वहीत लिहायचे. आणि प्रत्येक कार्डाची एक गोष्ट असायचीच. हे निघालं त्या दिवशी दिग्याचा पगार झालता. हे माह्या पोराच्या लग्नात निघालं, वरातीत. या कार्डापायी दिग्यानं पॅसेंजर दोन मिनिटं लेट केली, असा माह्या संशय हाये.

मला त्या संध्याकाळी आवडायच्या, हे कबूल केलं पाहिजे. पण दहा-दहानं किती दिवस पुरणार? मी तिकडे उशिरा पोचून मुख्याध्यापकांच्या घड्याळाकडे बघायची आणि इकडे हे अंगठा फिरवून राहिलेत! एकदा मी चिडून म्हटलं, "काका, केंद्रावर दिवसाला शंभर बंड्या करायचे ना तुम्ही?" ते म्हणाले, "बंडीची गोठ येगळी."

दिवाळीला आठ दिवस राहिले तेव्हा वही भरली. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सारा माल रिजेक्ट. विकू नको बाई. शेठ हसन आपल्याले." मी पानं उलटली. रिजेक्ट, रिजेक्ट, रिजेक्ट. काका चहा न पिताच उठून गेले. आई म्हणाली, "काकांनी सांगितलं म्हणजे झालं. त्यांची ग्रेड कधी चुकली आहे?" मी खोलीत जाऊन पोटभर रडले. मोपेडसाठी की मामासाठी, ते काही मला सांगता येणार नाही.

रविवारी सकाळी मी डबे आवरून माळ्यावर टाकायला काढले. सहज एक कार्ड हातात घेतलं आणि सवयीनं डोळे मिटले. कोपरा टोकदार. कड सरळ. दुसरं घेतलं. तेही तसंच. दोन महिने त्यांनीच शिकवलेलं बोट आता त्यांच्याच वहीशी भांडायला लागलं. मी एक कार्ड पदराखाली घेतलं आणि तडक त्यांच्या घरी गेले.

काका अंगणात भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. "काका, डोळे मिटा," मी म्हटलं. त्यांनी मिटले. मी तळहातावर कार्ड ठेवलं. अंगठा आपोआप कडेवरून फिरला, बोट कोपऱ्यावर टेकलं. "फेअर," ते म्हणाले. "चांगला फेअर. कोणाचं..." आणि डोळे उघडले. हातात मामाचंच कार्ड होतं.

त्यांचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला होता. "रिजेक्ट म्हटलं का शेतकरी माल परत नेते," ते खाली बघत म्हणाले. "तीस वर्षं पाह्यलं म्या. मले वाटलं तूही नेशीन परत. डबे गेले तर मी तुमच्या ओट्यावर कायले येऊ व? चहाले? तीस वर्षांत एक ग्रेड खोटी देल्ली, नंदा. तेही तुह्या पोटावर पाय देऊन." आणि तो मेव्हण्याला न सोडणारा माणूस धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागला. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि इतकी माया आली, की मी पुढ्यातल्या शेंगा घेऊन सोलायलाच बसले.

निम्मी टोपली झाल्यावर काका एकदम म्हणाले, "आपण येडे हाओत. सारा कापूस कोणी विकते काय? चांगला चांगला काट्यावर, खालचा घरी. गादीपुरता कापूस तर प्रत्येक शेतकरी ठेवते."

त्याच दुपारी आम्ही पुन्हा धोतर पसरलं. मामाकडे बहुतेक कार्डं दोन-दोन, तीन-तीन होती. प्रत्येकातलं टोकदार कोपऱ्याचं विकायला, वाकलेलं घरी. जे एकच होतं ते घरी. दहा-दहाची ऐट नाही, गोष्टी नाहीत. दिवे लागायच्या आत तिन्ही डबे झाले. काकांचा हात केंद्रावर कसा चालत असेल ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि गंमत म्हणजे घरी राहिलेली कार्डंच आम्हाला ओळखीची वाटली. मामानं पुन्हा पुन्हा काढून बघितलेली, घामाच्या बोटांची, चिंगमची पावडर लागलेली. विकायला निघाली ती नुसतीच देखणी होती.

काका माझ्यासोबत नागपूरला आले. शेठनं "ग्रेडिंग किसने किया?" विचारल्यावर छाती काढून बसले. भाव ठरला. दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी जुन्या निळ्या मोपेडवरून प्रार्थनेच्या वीस मिनिटं आधी पोचले. शिपाईसुद्धा आला नव्हता.

संध्याकाळी परतले तर काका ओट्यावर. गाडीभोवती एक चक्कर मारून त्यांनी तिला फेअर दिली. मग कोपरीच्या आतल्या खिशातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. चिंगमचं पाकीट. रंग उडालेलं, पण न फोडलेलं.

"खोटं एकदा नाई, दोनदा बोललो," ते म्हणाले. "दिग्या गेला त्या दिवशी सकाळी हे मले देऊन ड्यूटीवर गेलता. संध्याकाळी फोडू म्हणे. शेठले मी नाई म्हटलं. विकाचं असन तर आताही वीक, तुह्यंच हाये."

मी सरळ ते फाडलं. आतून लांब तोंडाचा, पांढऱ्या टोपीचा, एक बोट वर केलेला बारावा अंपायर निघाला. क्षणभर आम्ही दोघं त्याच्याकडे पाहत राहिलो आणि मग असे हसलो, असे हसलो, की आई आतून कणकेच्या हातानं धावत आली. "पुन्हा आला, तुह्या सासरा!" काका आढ्याकडे बघून ओरडले. मामालाच सांगत होते.

"करार म्हणजे करार," मी चिंगम पुढे केलं. अडीच-तीन वर्षांचं ते चिंगम दगड झालं होतं. काकांनी ते दाढेखाली धरलं, डोळे मिटले आणि चघळत बसले. कडकड आवाज येत होता. आई म्हणाली, "दात पडतील हो!" ते ऐकत नव्हते.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गादीपुरती कार्डं एका डब्यात माझ्याकडे आहेत. दिवाळीच्या आठ दिवस आधी मी धोतर नाही, पण चादर पसरते आणि माझी मुलं डोळे मिटून कोपरे तपासतात. ती कशालाही फेअरच्या वर जाऊ देत नाहीत, आणि मी त्यांना सांगते की तुमच्या आईनं एकदा तो दुसरा शब्द स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे. त्या चिंगमच्या संध्याकाळी बऱ्याच वेळानं काकांनी डोळे उघडले तेव्हा मी विचारलं होतं, "मग? ग्रेड काय?"

"सुपर," ते म्हणाले.