औंदा धुकं लय टिकलं

"थांबा जरा, उघडतंय," असं म्हणून ते कणसावरची राख फुंकायचे. लोणावळ्याच्या एका पॉइंटवर, दरीच्या कठड्याशी त्यांची शेगडी असायची. माणूस खालच्या औंढे गावचा, तिथले सगळेच त्यांना आबा म्हणायचे.

मी टुरिस्ट गाडी चालवतो. तुम्ही कधी माझ्यासारख्याच्या गाडीत बसला असाल, तर "इथं नेमकं कधी यावं?" असं विचारलंच असेल. मे महिन्यात आलेल्यांना धबधबे हवे असतात, जुलैत आलेल्यांना दरी दिसायला हवी असते, आणि थंडी सरताना येणारे डोंगर पिवळा का म्हणून माझ्यावरच डाफरतात. या प्रश्नाला मी पार विटलोय. "कधीही या," म्हणतो आणि गिअर टाकतो.

आबा विटले नव्हते. पावसाळ्यात समोर हात पुढे केला तर हात दिसायचा नाही, पण मंडळी गाडीकडे वळली की यांचं सुरू, "ह्ये बगा, कड दिसाया लागली." मंडळी थांबायची, तेवढ्यात कणसं खपायची. कधी चुकूनमाकून धुकं खरंच हटलं, तर आबा अशा ऐटीत बघायचे की वाटावं, यांनीच फुंकर मारली.

"आबा, माझी पुढची ट्रिप बोंबलते," मी कुरकुरायचो.

"आरं, लांबनं आल्यात. बगून जाऊ दे की."

गेल्या वर्षी दसरा उरकला आणि आभाळ स्वच्छ झालं. दरीच्या तळातल्या घरांची कौलंसुद्धा दिसत होती. कठड्याशी एक जोडपं फोटो काढत होतं. आबा त्यांना म्हणाले, "थांबा जरा, उघडतंय." ती दोघं हसली. मीही हसलो. आबा हसले नाहीत.

"औंदा धुकं लय टिकलं रं," ते मला म्हणाले.

"आबा, समोरचा डोंगर दिसतोय ना?"

"तुला दिसतोय?"

"दिसतोय."

"कवाधरनं?"

"नवरात्रापासनं."

आबांच्या हातातलं कणीस एका बाजूनं करपलं, तरी त्यांनी ते फिरवलं नाही.

मी त्यांना वडगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांमागची नस सुकली होती. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलीसुरली टिकावी म्हणून थेंब दिले. "इतके दिवस कळलं कसं नाही?" डॉक्टर वैतागून म्हणाले.

"पावसाळा व्हता, सायेब. तितं पावसाळ्यात कुणालाच काय दिसत न्हाई. मला वाटलं, समद्यांसारखंच आपलं."

मला तिथेच रडू आलं.

आता शेगडी सून सांभाळते. परवा भर पावसात औंढ्याला गेलो. आबा ओसरीत खाटेवर बसले होते. आवाजावरून मला ओळखलं आणि पहिलंच विचारलं, "वर काय दिसतंय आज?"

दिवसभर गाडीतल्या मंडळींकडून हाच प्रश्न ऐकून मी आंबून गेलो होतो. पण त्यांच्यावर चिडता येईना.

"काय न्हाई आबा. समदं पांढरं."

"कुणालाच न्हाई?"

"कुणालाच न्हाई."

"व्हय?" म्हणत आबा किती तरी महिन्यांनी मोकळं हसले. मग सरकले, आणि खाटेवर मला शेजारी जागा करून दिली.