माहेरचं कार्ड, सासरचा सप्लाय

माझा कॉम्प्युटर बासष्ट टक्क्यांवर मरायचा.

मी धायरीत घरूनच काम करते. बिल्डर लोकांना न बांधलेल्या इमारतींची चित्रं करून देते. ज्या फ्लॅटचा पायासुद्धा खणलेला नाही, त्याच्या हॉलमध्ये दुपारचं ऊन कसं पडेल आणि बाल्कनीतून टेकडी कशी दिसेल, हे मी दाखवते. टेकडी प्रत्यक्षात दिसणार नसते, समोरच्या बिल्डरची इमारत दिसणार असते. पण ती त्याच्या चित्रात असते, आमच्या नाही. हे ऊन, काचा, सावल्या शेवटी मशीनला मोजून काढाव्या लागतात. त्याला आम्ही रेंडर म्हणतो. एका चित्राला चाळीसेक मिनिटं लागतात. त्या दिवसांत बासष्ट, फार तर पासष्ट टक्के झाले की स्क्रीन काळा व्हायचा आणि मशीन, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू व्हायचं.

ज्यांचं काम चालू होतं ते बिल्डर मूळचे इथलेच. त्यांच्या वडिलांनी ज्या रानात ज्वारी काढली, तिथे ते आता बारा मजले काढत होते. त्यांचा फोन आला.

"मॅडम, पार्टी बसलीय हितं. चित्र कुठं हाय?"

"बासष्ट टक्के झालंय."

"मग तेवढंच पाठवा की. बाकीचं मी तोंडानं सांगतो."

बिघाड मशीनच्या कुठल्या भागात आहे हे शोधायचं होतं. पण आमच्या घरात त्याआधी तो कुठल्या घरचा आहे हे ठरायचं होतं. कारण मशीनमध्ये संशयित दोनच होते. एक पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटणारी लोखंडी पेटी. ती माझ्या सासऱ्यांनी निवडली होती. दुसरं ग्राफिक्स कार्ड, जे चित्रांचं जड काम करतं आणि सगळ्यात जास्त वीज खातं. ते माझ्या धाकट्या भावानं आणलं होतं. भाऊ येरवड्याला राहतो. त्याच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न ठरलं, म्हणून त्या सहकाऱ्यानं आपलं गेम खेळायचं कार्ड विकायला काढलं होतं. थोडक्यात, पेटी सासरची आणि कार्ड माहेरचं.

सासरे, आम्ही त्यांना बाबा म्हणतो, वीज खात्यातून निवृत्त झालेले. पेटी घेताना दुकानात त्यांनी दोन हातांत दोन पेट्या घेतल्या, कलिंगडं जोखावीत तशा जोखल्या आणि जड होती ती उचलली. "जडपणा म्हणजे तांबं," ते दुकानदाराला म्हणाले, "आणि तांबं खोटं बोलत नाही." दुकानदारानं मान डोलावली. त्याला काय, कुठलीतरी जाणारच होती.

मशीन बंद पडायला लागल्यावर बाबांनी फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला आपला मल्टिमीटर काढला. नोकरीतला, पण जिवापाड जपलेला. त्यांनी भिंतीतला प्लग मोजला, अर्थिंग तपासलं, मग पेटीतून येणाऱ्या पिवळ्या तारेवर मीटर टेकवला.

"बारा व्होल्ट हवेत, बारा पॉइंट एक आहेत," ते म्हणाले. "आपल्याकडून पुरवठा सुरळीत आहे."

हे वाक्य त्यांनी नोकरीत किती अंधारातल्या लोकांना ऐकवलं असेल, असा विचार माझ्या मनात आला. मी तो मनातच ठेवला.

भावाचं निदान फोनवरच झालं. "ताई, सिम्पल आहे. कार्ड सॉलिड आहे. पीएसयू, म्हणजे ती पेटी, एकदम लोकल आहे."

"हे तू काकांना सांगतोस का?"

"मी कशाला? सासर तुझं आहे."

तरी रविवारी तो आला. येताना पेनड्राइव्हमध्ये एक टेस्ट घेऊन आला. ती फक्त कार्डालाच पूर्ण ताकदीनं पळवते. टेस्ट लावली आणि चार मिनिटांत मशीन गेलं.

"बघा काका," भाऊ म्हणाला, "कार्डानं हक्काची वीज मागितली आणि सप्लायला चक्कर आली."

"आपण परीक्षा कार्डाची घेतली ना?" बाबा शांतपणे म्हणाले. "मग नापास कोण झालं?"

एकच अंधार असा दोघांचाही पुरावा झाला. पुढचा तासभर दोघं एकमेकांना 'आपलं म्हणणं बरोबर असेलही' असं इतक्या वेळा म्हणाले, की मला शिव्या परवडल्या असत्या. माझ्या नवऱ्यानं नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. "एकदा फॉरमॅट मारून बघू या का?" कुठल्याही आजारावर त्याचा हाच काढा असतो. दोन्ही घरांना न दुखावणारा उपाय म्हणून मीही मान्य केला. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी, बासष्ट टक्के.

शेवटी मी मशीन चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा बोलावली. बाबा आधीच चपला घालून उभे होते. "मी नुसता बसायला येतो," म्हणाले. पिशवीत मीटर होता.

सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीत दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

"यातलं ग्राफिक्स कार्ड जुनं आहे," बाबांनी सुरुवात केली, "त्यामुळे..."

"निदान आपण केलेलंच असेल तर मी नुसतं खोकं पुसून देऊ का?" मग माझ्याकडे वळून, "मशीनसमोर बसतं कोण?"

"मी."

"मग तुम्ही बोला."

तीन आठवडे घरात या एका विषयावर चर्चा चालली होती, आणि मला कुणी काही विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

"बंद पडण्याआधी स्क्रीनवर रंगीत रेघा, ठिपके, चित्र फाटल्यासारखं?"

"नाही. एकदम काळा."

"स्क्रीन गेल्यावर आवाज चालू राहतो? पंखे?"

"सगळंच थांबतं. मग आपोआप सुरू होतं."

"हलक्या कामाला?"

"दिवसभर चालतं. जड काम लावलं की जातं."

"मग माझा संशय सप्लायवर. पण मी संशयावर पार्ट बदलत नाही."

"मी व्होल्टेज मोजलंय," बाबा म्हणाले. "बारा पॉइंट एक."

"कधी? काम चालू असताना?"

"नाही. नुसतं चालू होतं तेव्हा."

"आजोबा, खुर्चीत बसलेल्या माणसाची नाडी बघून तो पर्वती चढेल का, सांगता येतं?"

मला वाटलं आता बाबा उठतील. ते उठले, पण पिशवीतून मीटर काढायला. "मग आत्ता मोजू. माझ्या मीटरनं."

"तुमच्याच. नंतर मीटरवर शंका नको."

मालकांनी मीटरच्या दोन्ही पिना पेटीतून येणाऱ्या एका मोकळ्या प्लगमध्ये बसवल्या आणि तारा धरून खाली वाकले. मीटर बाबांच्या हातात. मी भावाची टेस्ट लावली. मीटरचा आकडा बसल्या जागेवरून मला दिसत नव्हता, मालकांनाही नव्हता. बाबांनी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"बारा," ते म्हणाले. पंख्यांचा आवाज चढला. "अकरा पॉइंट सात." मग जरा वेळानं, "अकरा पॉइंट तीन. घसरतंय." साक्षीदारानं कोर्टात बोलावं तसा आवाज. "अकरा."

स्क्रीन काळा झाला.

"शेवटचा आकडा दहा पॉइंट आठ," बाबा म्हणाले. तो त्यांना कुणी विचारला नव्हता.

मग मालकांनी दुकानातली खात्रीची पेटी जोडली. कार्ड तेच, टेस्ट तीच. वीस मिनिटं झाली, बाबा दर दोन मिनिटांनी "बारा" म्हणत राहिले. मग मी माझं रेंडर लावलं. बासष्ट आलं, गेलं. मी त्र्याऐंशीपर्यंत श्वास घ्यायचं विसरले होते. शंभर झाल्यावर मालक म्हणाले, "कार्डावरची धूळ पुसतो. बाकी ठणठणीत आहे."

बाबांनी जुनी पेटी उघडून दाखवायची विनंती केली. चांगला वेळ गेल्यावर, आत वीज साठलेली नाही याची खात्री करून, मालकांनी झाकण काढलं. तळाशी चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली एक लोखंडी पट्टी होती. ती कशालाही जोडलेली नव्हती.

"ही कशासाठी?" मी विचारलं.

"वजनासाठी. गिऱ्हाइकं हातात जोखून घेतात ना."

"आणि तांबं?" बाबांनी विचारलं.

"आहे की. लग्नाच्या पंगतीत वरणावर तूप असतं तेवढं."

बाबांनी पट्टी सोडवून घेतली आणि तळहातावर धरली. मग म्हणाले, "फसवलं, पण लोखंड चांगलं वापरलंय." नवीन पेटी मालकांनी काढून दिली. बाबा हात मागे बांधून उभे राहिले. त्यांनी ती उचलून पाहिली नाही, फक्त तिच्यावरचं लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

घरी येताना रिक्षात मी ठरवून टाकलं, भावाला सांगायचं की एक वायर सैल होती. जिंकल्याचं त्याला कळलं तर पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवून पुरवून वापरेल. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मग ताई, दोषी कोण निघालं?"

"अरे, एक वायर जरा..."

"फोन दे," बाबा हॉलमधून म्हणाले. मी दिला.

"तुमचं कार्ड निर्दोष आहे," ते म्हणाले. "माझी पेटी खोटी निघाली. मी तुमच्या वस्तूवर विनाकारण संशय घेतला."

भावानं टोमणे तयार ठेवले असणार, ते सगळे हातातच राहिले. मग स्पीकर नसतानाही मला ऐकू आलं, "नाही हो काका, कार्डही तसं जुनंच आहे. कधीतरी जाईलच."

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन फिरायला गेले.

"ताई," भावानं हळूच विचारलं, "रागावले का गं?"

"नाही रे," मी म्हटलं. "माफी मागितली त्यांनी. आमच्याकडे अशीच मागतात."