हळदीतली चावी

बडोद्यात शिस्तीने शिंकणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. उत्तरायणाचे पतंग गच्चीवरून उतरले, झाडांना मोहोर आला, की तरसालीतल्या त्या घरात शिंका सुरू व्हायच्या. एका बैठकीला अकरा. दहावर थांबले तर मामी हातात पोळी धरून उभ्याच. अकरावी आली की वाढायच्या. डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी दिली होती आणि बजावलं होतं, दिवसाला एकच, आणि वर स्कूटर चालवायची नाही. मामांनी ते कायद्यासारखं पाळलं. गोळी घेतली की स्कूटरची चावी मामींच्या मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीत पुरायची. "गुंगीत माणूस चावी शोधेलही, पण हळद सांडून बायकोची बोलणी कोण खाईल?" असं त्यांचं म्हणणं. अंगठा पिवळा दिसला की शेजारी विचारायचे, "केम मामा, आज पायी?"

अशा माणसाला बुडवायला माझ्यासारखा शहाणा जावईच लागतो.

त्यांची एकुलती एक मुलगी अमेरिकेला निघाली, तो दिवस. दुपारच्या गाडीने मुंबई, तिथून विमान. मामा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून तयार, चावी हळदीत, रिक्षा सांगून ठेवलेली. पण शिंका थांबेनात. मी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"सकाळी एक झालीय, जावईबापू."

"ती ॲलर्जीची. ही सर्दीची, वेगळी."

"मागचं वाचलंत?"

"वाचलंय की!"

वाचलं नव्हतं. चष्मा घरी राहिला होता. पण घराण्यात औषधांतला जाणकार मीच, ही समजूत मीच पसरवलेली, ती मोडणार कशी?

तासाभरात मामा झोपाळ्यावर कलंडले. हलवलं की "आलोच" म्हणायचे आणि पुन्हा घोरायचे. शेजारचे डॉक्टर धावत आले, नाडी पाहिली, मग माझी पट्टी उलटी करून माझ्याच डोळ्यांसमोर धरली. "जमाईराज, बन्नेमां एक ज दवा छे! दोन्हींत तीच. आता यांना एकटं सोडू नका." मामी त्यांच्याजवळ बसल्या. मुलीने झोपलेल्या बापाच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिला स्टेशनवर पोचवायला मी गेलो.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. मामा उठून बसले होते. मला पाहून म्हणाले, "रिक्षा आली?" मग माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. बराच वेळ ते चुरगळलेला सदरा हाताने सरळ करत राहिले.

"रडली का हो?"

"नाही. हसत गेली."

"हे तरी नीट पाहिलंत ना?"

त्यानंतर त्यावरून ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मुलगी पुढे येऊन-जाऊन राहिली, पण तो निरोप राहिला तो राहिलाच. आता मामा नाहीत. उत्तरायणानंतर मीही शिंकतो; सात-आठच्या वर काही जात नाहीत. चष्मा लावून पट्टीमागचं अक्षरन् अक्षर वाचतो, मगच गोळी घेतो, आणि चावी हळदीत पुरतो. ही चिडते, डबा पुसून ठेवते. माझा अंगठा मात्र दिवसभर पिवळा राहतो. धुवावासा वाटत नाही.