धडक खायला शिकवणारी ब्रीडा

ब्रीडा आधी गाडीच्या टायरला बुटाने ठोकून बघायची, मग माणसाला हाक मारायची. आयर्लंडमधल्या ॲथलोनला आम्ही तिच्या शेजारी राहायला आलो, तेव्हाही आमच्या सेकंडहँड गाडीची विचारपूस आधी झाली, माझी नंतर. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची ही विधवा तरुणपणी स्टॉक कार चालवायची. मोडीतल्या गाड्यांच्या काचा काढायच्या आणि मातीच्या गोल ट्रॅकवर एकमेकांना धडका देत पळवायच्या, असा तो खेळ. सगळ्या पुरुषांत ही एकटी बाई. नवराही तिथेच भेटला. "त्याने मला कुंपणावर ढकललं. पुढच्या फेरीत मी त्याला ढकललं. मग त्याने चहा पाजला," असं ती सांगायची.

पहिल्याच हिवाळ्यात राउंडअबाउटवर एका व्हॅनने माझ्या गाडीला मागून ठोकलं. मला खरचटलंही नाही, पण नंतर स्टिअरिंग धरलं की तळव्यांना घाम फुटायचा. मी काम करायचे ते नर्सिंग होम गावाबाहेर. तिथे बस जात नाही. काही दिवस माझ्या नवऱ्याने तिथे सोडलं, मग मी नोकरी सोडायचं बोलू लागले. ब्रीडाने ते ऐकून घेतलं आणि रविवारी स्वतःची गाडी घेऊन दारात उभी राहिली.

गुरांच्या बाजाराचं आवार रिकामं होतं. एका टोकाला पेंढ्याचे गठ्ठे रचलेले. मला स्टिअरिंगवर बसवून ती शेजारी बसली आणि म्हणाली, त्यांच्यावर जाऊन आदळ. मला चेष्टा वाटली. गाडीला पोचे येतील, म्हटलं.

"पोचे काढता येतात. हात सैल ठेव, नजर पुढे."

मी दरवेळी अलीकडेच ब्रेक दाबत होते. ती रागावली नाही, नुसतं "पुन्हा" म्हणायची. शेवटी आदळले. गठ्ठा बॉनेटवर कोसळला, इंजिन बंद पडलं आणि मला रडू फुटलं. माझं रडणं तिने संपू दिलं आणि मग म्हणाली,

"बसली ना धडक? ग्रँड, छान झालं. आता गाडी चालू कर."

सोमवारी मी एकटी कामावर गेले.

पुढे डोळे अधू झाले म्हणून डॉक्टरांनी तिला गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. ती भांडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने त्याच आठवड्यात गाडी विकली आणि येऊन मला सांगितलं की आता तू मला नेणार. शुक्रवारची खरेदी, रविवारचं चर्च. गिअर उशिरा बदलला की वाटभर ऐकून घ्यावं लागे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ब्रीडा गेली. आदल्याच आठवड्यात मी तिला हॉस्पिटलमधून घरी आणत होते. वाटेत तिने गाडी डावीकडे घ्यायला लावली. तिचा ट्रॅक होता तिथे आता घरं झाली आहेत, मधोमध गोल रस्ता.

"एवढ्या हळू इथे कधी कुणी गेलं नाही," ती म्हणाली.

मी थोडा वेग वाढवला. एक फेरी झाली; तिने बोटानेच आणखी एक सांगितली. अंगणात कचऱ्याचे डबे धुणारा एक माणूस काम थांबवून आमच्याकडे बघत राहिला. मी तिला तसं सांगितलं.

"बघू दे त्याला," ब्रीडा म्हणाली. "पूर्वी लोक तिकीट काढून बघायचे."