करड्या टॅगमधलं पत्र

तुम्ही दोघं मला नेहमी चिडवता, आजी जाहिरातीसुद्धा उघडून बघते म्हणून. त्यामागची गोष्ट तुमच्या बाबालाही मी धड सांगितलेली नाही.

मी शाळेतून निवृत्त झाले तरी डहाणूच्या आमच्या घरी जुन्या विद्यार्थिनी येत राहिल्या. पाड्यावरच्या मुलींकडे ईमेल नसायचा, म्हणून कॉलेजच्या फॉर्मवर त्या माझाच पत्ता लिहीत. उत्तर आलं की मी निरोप पाठवायचा, असा आमचा रिवाज होता.

फॉर्म भरले की 'ॲडमिशन सुरू' अशा जाहिरातींचा पूर यायचा. तुमचा बाबा सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्या ईमेलला एक ॲड-ऑन जोडून दिलं. आपण एखादा नियम ठरवून दिला की ते पत्रं आपोआप वेगळी करी आणि त्यांना रंगीत टॅग लावी. तुमची पत्रं हिरवी, विजेची बिलं पिवळी. मला हे फार आवडलं. तुमचे आजोबा म्हणाले, "आता हिचा फक्त मला टॅग लावायचा राहिलाय." मग एका दुपारी मी स्वतः नियम केला: अनोळखी पत्त्यावरून आलेल्या ज्या पत्राच्या विषयात 'ॲडमिशन' असेल ते करड्या टॅगखाली जावं, मला दिसू नये आणि दहा दिवसांनी पुसलं जावं. त्या टॅगला मी नाव दिलं 'नको'.

झरी गावच्या एका मुलीने नाशिकला नर्सिंगसाठी अर्ज केला होता. तिचे वडील शेतमजुरी करत. ते तलासरीहून बस धरून आमच्याकडे येत आणि पायरीवरूनच विचारत, "बाई, कागद आला का?" मी इनबॉक्स बघून दोनदा सांगितलं, नाही आला. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते बसलेसुद्धा नाहीत. "तलासरीच्या पोरीला आला म्हणतात. आठ दिवस झाले."

आठ दिवस. मला माझा नियम आठवला. करडा टॅग उघडला तर जाहिरातीच जाहिराती. चष्मा सारखा घसरत होता. ते मागे उभे राहून विचारत होते, "हाय का? हाय का बाई?" अखेर सापडलं. जागा मिळाली होती. मूळ दाखले घेऊन परवा संध्याकाळपर्यंत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. आणखी दोन दिवसांनी ते पत्रच उरलं नसतं.

"पत्र आधीच आलं होतं," मी म्हणाले. "माझ्याच हातून बाजूला पडलं."

ते चपला घालायला वळले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मुलगी कोसबाडच्या एका वाडीत चिकू निवडायला जात होती. तिचा फोन लागेना. आम्ही दोघं रिक्षाने निघालो. वाटेत मी मनात तास मोजत होते: दाखले झरीला, रात्रीत आणले तर सकाळची गाडी, गाडी चुकली तर?

ती झाडाखाली चिकूंच्या ढिगापाशी बसली होती. ऐकून आधी हसली, मग एकदम घाबरली. "परवा? बाई, मग आधी सांगितलं का नाही?"

मी नियम, टॅग सगळं सांगितलं. ती हातातल्या चिकूकडे बघत म्हणाली, "म्हणजे तुम्ही न बघताच टाकता? आम्ही तर शंका आली की नखाने साल खरवडून बघतो, तयार झालाय का. तरी कळलं नाही तर त्या वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायचा. संध्याकाळी परत बघायचा."

"चल गं, भाषण नको," तिचे वडील म्हणाले. "दाखले कुठं ठेवलेस?"

"पत्र्याच्या पेटीत. आईच्या लुगड्याखाली."

ती दोघं झरीला गेली, दुसऱ्या सकाळी नाशिकच्या बसला बसली. ते दोन दिवस मी घरात नुसती फिरत होते. आजोबांनी चहा करून दिला, तो तसाच राहिला. त्या मुलीला पुढच्या वर्षी घरचे पुन्हा अर्ज करू देणार नाहीत, हे मला नीट माहीत होतं, म्हणूनच बसवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कुणाच्या तरी फोनवरून तिचा आवाज आला. "बाई, घेतलं मला. कारकून म्हणाला, फार उशिरा आलात." पलीकडून तिच्या वडिलांनी फोन घेतला. "बाई, आता तिचे कागद तुमच्याकडे येतील ना? बघून ठेवा हां."

त्यांनी अजूनही माझाच पत्ता ठेवला होता. फोन ठेवून मी दहा दिवसांनी पत्रं पुसण्याचा नियम काढून टाकला. करडा टॅग राहू दिला, फक्त नाव बदललं: 'संध्याकाळी परत बघायचं'. रोज दिवेलागणीच्या आधी मी तो उघडते. बहुतेक जाहिरातीच असतात.