खालाचे दिवे

संध्याकाळी गाड्यांची वर्दळ जरा थांबली की ती भर रस्त्यात उकिडवी बसायची, मान तिरपी करायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "नाई दिसत."

मग दोन माणसं धावत जायची आणि गाड्या वळवायला रस्त्यावर मांडलेल्या शंकूसारख्या नारिंगी टोप्या हातभर इकडे सरकवायची. ती पुन्हा पाहायची. "नाई दिसत." पुन्हा सरकवायची. हिला मोतीबिंदू झाला असेल, असं मी एकदा मोठ्यानं म्हटलंही. ती रागावली नाही. म्हणाली, "आजी, मले दिसते. पेलेल्या मोटरसायकलवाल्याले दिसत नाई. मी त्याच्या डोयानं पाहून राह्यली."

आजी! तिची पन्नाशी उलटलेली, माझी पासष्टी. पंधरा वर्षांच्या फरकानं कोणी कोणाची आजी होत नाही. बाकीचे मजूर तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. मी काहीच म्हणत नसे. हाक मारायचीच वेळ आली तर खोकायची.

राळेगावहून कळंबकडे जाणारा रस्ता रुंद होत होता तेव्हाची ही गोष्ट. दिवसा एसटी, ट्रॅक्टर, कापसाच्या गाड्या. म्हणून डांबर रात्री टाकायचं. तुम्ही त्या वेळी तिथून गेला असाल तर लाल दिवे लुकलुकताना पाहिले असतील आणि गाडी हळू करावी लागली म्हणून शिव्याही दिल्या असतील. पण ते दिवे दुपारपासून तयार करावे लागतात, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. ते काम रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं, आणि ती येईपर्यंत ते माझं होतं.

मी चौथी शिकले, पण जन्म रस्त्याच्या कामावर गेला. तरुणपणी आमच्याकडे लाल काचेचे कंदील असत. त्यांच्या काचा मी राखेनं पुसायची, वाती कापायची, खड्ड्याभोवती चुना मारलेले दगड लावायची. माझ्या दिव्यांपाशी कोणी मेलं नाही. हे मी सुपरवायझरला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि शेडची किल्ली तिच्या हातात दिली.

तिचा नवरा कळंबला मोटारींच्या वायरिंगचं काम करायचा. तो गेल्यावर ती त्याची हत्यारांची पेटी घेऊन इकडे आली. वायर दातांनी सोलायची. लुकलुकणारा दिवा, ब्लिंकर, कानाजवळ हलवून आतलं काय सुटलं ते सांगायची. चाकांवरच्या जनरेटरचा उंच दिवा असतो, तो मी नेहमी रस्त्याकडे तोंड करून लावायची, म्हणजे लखलखीत उजेड पडावा. तिनं पहिल्याच दिवशी त्याचं तोंड खाली वळवलं. "डायवरले आंधया करून कसं जमन? उजेड कामावर पायजे, डोयात नाई."

दुसऱ्या दिवशी माझे दगड गेले. टोप्या वाऱ्यानं पडू नयेत म्हणून मी त्यांच्या बुडाशी दगड ठेवले होते. चांगले निवडून, चुना मारून. तिनं ते सगळे उचलायला लावले आणि रेतीच्या थैल्या ठेवल्या.

"काहून वं?" मी विचारलं. "दगडानं काय घोडं मारलं तुह्यं?"

"गाडी धडकली तं दगड उडते, आजी. मांगच्या माणसाच्या डोक्शात बसते."

"तीस वर्सात नाई उडला."

"नशीब होतं," ती म्हणाली आणि थैलीचं तोंड बांधत राहिली.

तीस वर्षांच्या कामाला ती नशीब म्हणाली. मी त्या दिवशी जेवले नाही. मी जेवले नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता खरं काय ते सांगते. दगड गेले, किल्ली गेली, ते मी सोसलं असतं. पण माझा मुलगा त्याच कामावर झेंडीवाला होता. वळणरस्ता जिथं सुरू होतो तिथं सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं आणि येणारी गाडी थांबवायची, हे त्याचं काम. तीस वर्षांचा घोडा. लग्न जमत नव्हतं, म्हणून घरी आम्ही दोघंच. मी त्याच्या शर्टाची कॉलर नीट करायला गेले तर हात झटकायचा. आणि खालापुढे हनुवटी वर करून उभा! ती त्याच्या हेल्मेटचा पट्टा आवळून द्यायची, पट्ट्याखाली बोट घालून पाहायची, "ढिला हाये" म्हणायची, आणि हा कोकरासारखा गप्प.

घरी आला की, "माय, खाला म्हणे झेंडी छातीसमोर धरू नोको, बाजूले धर." भाकर मोडताना, "माय, खाला म्हणे पाय नेहमी नालीकडं ठेव, गाडी आली तं उडी मारता येते." मी विचारलं, "खाला भाकर कशी खायची ते नाई सांगत का?" तो म्हणाला, "सांगते ना. पोटभर खाऊ नोको म्हणे, झोप येते."

शेजारणीचा हेवा करावा तर तिचं काही आपल्याहून जास्त असतं. मी जिचा हेवा करत होते तिच्याकडे एक पेटी आणि दोन लुगडी होती. आणि माझा मुलगा.

तिच्यात एकच खोट मला सापडली होती. जाकिटं. मजूर रात्री घालतात ती हिरवी-पिवळी, चकाकत्या रेडियमच्या पट्ट्यांची. तिनं ती कधी धुतली नाहीत. ओल्या फडक्यानं पुसायची, बस. डांबराचे डाग, घामाचा वास, धूळ. फाटलेली जाकिटंसुद्धा फेकत नसे. पोत्यात कोंबून ठेवायची. मी म्हणायची, ही दिवेवाली की भंगारवाली?

एक दिवस ती बॅटऱ्या आणायला कळंबला गेली. किल्ली खिळ्याला टांगलेली. मी कामावरची चौदाही जाकिटं काढली, सोड्याच्या कढत पाण्यात बुडवली, नाल्यावर नेली आणि दगडावर मोगरीनं बडवली. पट्ट्यांवरचे डाग निघत नव्हते म्हणून राख घेऊन ब्रशनं घासल्या. हात सोलले. दुपारी तारेवर जाकिटं वाळत पडली तेव्हा नव्यासारखी दिसत होती. सुपरवायझर थांबून म्हणाला, "वा, आजीबाई!" एवढ्या महिन्यांत त्याचा पहिला चांगला शब्द. मला तो पुरणाच्या पोळीसारखा लागला.

ती पाचच्या एसटीनं आली. जाकिटं पाहिली. एकाला हात लावला, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग सगळ्यांना ती घालायला सांगितली आणि अंधार पडायची वाट पाहत बसली. मला वाटलं, जळली.

दिवेलागणीला तिनं माझ्या मुलाला रस्त्यावर साठ पावलं लांब उभं केलं. बॅटरी कानापाशी धरली, जशी गाडीवाल्याच्या डोळ्याशेजारून उजेड जातो तशी, आणि झोत टाकला.

"नाई दिसत."

माणसं हसली. रोजचंच होतं. ती हसली नाही. दुसऱ्याला उभं केलं. "नाई दिसत." तिसऱ्याला. मग ती वळली आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

"आजी, तुमी पाहा."

मी बॅटरी कानापाशी धरली. समोर माझाच मुलगा उभा होता, हे मला माहीत होतं म्हणूनच तिथं कोणीतरी आहे असं वाटलं. नाहीतर नुसता अंधार. पट्ट्या मेल्या होत्या. मग तिनं पोत्यातलं एक फाटकं, कळकट जाकीट त्याच्या खांद्यावर टाकायला लावलं आणि म्हणाली, आता पाहा. ते घाणेरडं चिरगूट चांदीसारखं पेटलं.

"रेडियमवर बारीक काचेचा रवा रायते," ती म्हणाली. "घासला की गेला."

"कोणं धुतले बे?" सुपरवायझर ओरडला. त्यालाही आठवत होतं कोणी धुतली ते. वा म्हणाला होता.

"मी," मी म्हटलं. काय लपवायचं? सोड्यानं हात लाल होते.

तो म्हणाला, असू द्या, आजची रात्र निघून जाईल, डांबराच्या गाड्या निघाल्या आहेत, गार झालं तर माल वाया जाईल. खाला ब्लिंकरच्या पेटीवर जाऊन बसली. पेटीला कुलूप लावून.

"दिवे नाई देत."

"खाला, डोकं फिरलं काय?"

"जाकीट नाई तं माणूस उभा करत नाई. तुमी घाला थे धुतलेलं आन रहा झेंडी घेऊन. मंग देतो दिवे."

सुपरवायझरनं रस्त्याकडे पाहिलं. कापसाची एक गाडी भन्नाट गेली. तो फोन घेऊन बाजूला गेला.

तेव्हा तिनं ते पोतं माझ्यापुढे ओतलं. आम्ही दोघी जनरेटरच्या दिव्याखाली बसलो. ती जुन्या जाकिटांच्या पट्ट्या कापायची, मी त्या धुतलेल्या जाकिटांवर शिवायची. शिवण मला येते. तिला येत नव्हती, टाके कोंबडीच्या पायासारखे. हे पाहून मला त्या वेळीही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? पहिलं जाकीट झालं तसं तिनं ते माझ्या मुलाला घातलं. मी मान खाली घालून म्हटलं, "उपकार झाले, बाई."

"तुमचा हाये म्हून नाई दिलं," ती म्हणाली. "सगळ्याइच्या समोर उभा रायते म्हून दिलं. दोरा घ्या."

चौदा जाकिटं होईपर्यंत डांबराच्या दोन गाड्या उभ्या होत्या. त्याबद्दल तिला बोलणी बसली, मला नाही. तिनं त्यावर एक शब्द काढला नाही, ना त्या दिवशी, ना पुढे कधी. एकदा तरी टोमणा मारायला हवा होता. मग मला भांडता आलं असतं. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

माझा हेवा कमी झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर तो वाढला. चूक माझी, आणि मोठी झाली ती. मुलगा घरी येऊन म्हणाला, "माय, तू शिवलेलं जाकीट लय मस्त चमकते." मी म्हटलं, "शिवण माही, चमक तिची. जेव गुमान."

रस्ता पूर्ण झाला. पुढचं काम मुकुटबनकडे निघालं, म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. मी मुलासाठी राळेगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये शब्द टाकून ठेवला होता. दिवसाचं काम, रोज घरी. त्यानं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरली.

"कायले जातं तिकडं?"

"खाला जाऊन राह्यली ना."

"अन् मी?"

त्यानं पिशवीचं तोंड बांधलं.

टेम्पोत दिवे, टोप्या, रेतीच्या रिकाम्या थैल्या भरल्या होत्या. ती पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती, मांडीवर हत्यारांची पेटी. माझ्याकडे पाहून तिनं हात वर केला. मी केला नाही. मुलगा मागे सामानावर बसला. टेम्पो हलला.

दुसऱ्या कोणाच्या दिव्यांपुढे तो उभा राहायला निघाला असता, तर मी त्या टेम्पोसमोर आडवी पडले असते. मी बाजूला सरकले आणि जाऊ दिलं.